होडीची ट्रॉली हाताला हलकी कशी करावी?

आजच्या भागात हप्ता, व्याज आणि मीटिंगचं इतिवृत्त यातलं काहीच नाही. आज मी बोलणार आहे चाकं, रोलर, विंच आणि ग्रीस यांबद्दल. "हे बाईमाणसाचं काम नव्हे" असं ज्यांना वाटतं, त्यांनीही ऐकावं. कारण खाडीकाठच्या बचत गटांची रोजची अडचण नेमकी इथेच आहे.

आपल्या सिंधुदुर्गात आता बऱ्याच गटांकडे होडी आली आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांनी कांदळवन सफर सुरू केली, ती बघून बाकीच्या खाड्यांतही बायका पुढे आल्या. कुणी पर्यटक फिरवतं, कुणी कालवं आणायला जातं, कुणी खेकडापालनाच्या पिंजऱ्यांकडे फेरी मारतं. वल्हं मारायला आम्ही शिकलो, इंजिन सुरू करायला शिकलो, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही हेही अंगवळणी पडलं. पण होडी पाण्यातून वर काढायची आणि परत पाण्यात सोडायची म्हटली, की आजही हाक मारावी लागते ती वाडीतल्या पुरुषांना. सात-आठ जण जमले तर होडी हलते, नाहीतर नाही.

एरवी ते चालून जातं. माणसं चांगली आहेत, चहापाण्यावरही येतात. पण २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते वादळ आठवा. इशारा आला की ज्याची त्याची स्वतःची होडी असते. प्रत्येक जण आपली पात, आपली जाळी, आपलं इंजिन वर काढायच्या घाईत असतो. अशा वेळी गटाच्या होडीचा नंबर शेवटी लागतो, आणि त्याबद्दल कुणाला दोष देता येत नाही. म्हणजे दहा जणींनी कर्ज काढून घेतलेली वस्तू ऐन संकटात दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहते. म्हणून माझं म्हणणं असं, की होडी घेतली तेवढ्याने काम संपत नाही. ती तीन-चार जणींना वर काढता आली पाहिजे.

हे जमतं, आणि त्यासाठी नवी महागडी ट्रॉली लागतेच असं नाही. आहे त्या ट्रॉलीत गावच्या वेल्डरकडून पाच-सहा बदल करून घ्यायचे. कुठला बदल कशासाठी, ते एकेक करून सांगते.

आधी पाणी समजून घ्या

आमच्या गटातल्या सगळ्यांत मोठ्या काकी एक गोष्ट नेहमी सांगतात, "होडी पाण्यात ढकलूची नाय गो बाय, पाणी येऊन तिका उचलीत, थंयसर न्हेऊची." सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. होडी तरंगायला लागली की तिचं वजन पाणी घेतं. ट्रॉलीचं काम एवढंच, की होडी त्या जागेपर्यंत न्यायची.

आता ती जागा किती लांब? हिशेब सोपा आहे. ट्रॉलीवर ठेवलेल्या होडीचा तळ जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. त्यात होडी रिकामी असताना किती पाण्यात बुडते ते मिळवा. समजा तळ दोन फूट उंच आहे आणि होडी नऊ इंच बुडते. म्हणजे होडी आपोआप उचलली जायला पावणेतीन फूट खोल पाणी हवं. धक्क्याचा उतार आठाला एक असेल, म्हणजे आठ फूट पुढे गेल्यावर एक फूट खोली, तर पाण्याच्या कडेपासून बावीस फूट आत जावं लागेल. आणि पुळणीसारखा सपाट किनारा असेल, विसाला एक, तर पंचावन्न फूट आत!

आता तीच होडी ट्रॉलीवर नऊ इंच खाली बसवली तर? खोली लागते दोन फूट. धक्क्यावर बावीसचे सोळा फूट झाले आणि पुळणीवर पंचावन्नचे चाळीस. नऊ इंचांचा फरक, पण पंधरा फूट गुडघाभर पाण्यातून ट्रॉली ढकलणं वाचलं. म्हणून पहिला बदल हाच: होडी ट्रॉलीवर जेवढी खाली बसवता येईल तेवढी बसवायची. बहुतेक ट्रॉल्यांत होडी चाकांच्या वर ठेवलेली असते. आडव्या पट्ट्या खाली घेऊन ती दोन चाकांच्या मध्ये बसवता येते. फक्त चाक आणि होडीची कड यांत हात जाईल एवढी फट राहू द्या.

वेळ निवडायची ती भरतीच्या आधी. आपले जुने लोक तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण अंदाज चुकत नाही. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते हेही लक्षात ठेवा. होडी चढवायचं काम पाणी वाढत असताना सुरू करा. काही अडलं तरी पाणी आणखी येणार असतं. सुकती लागल्यावर अडलात, तर होडी चिखलात बसते ती पुढच्या भरतीपर्यंत.

फळ्या की रोलर?

ट्रॉलीवर होडी दोन तऱ्हांनी टेकते, लांब फळ्यांवर किंवा रोलरवर. फळीचा फायदा असा, की होडीचं वजन लांबवर पसरतं. फायबरच्या होडीला ते मानवतं. तोटा असा, की फळीवरून होडी सरकत नाही, ती तरंगूनच सुटावी लागते. म्हणजे ट्रॉली पूर्ण बुडवा. रोलरवरून मात्र होडी घरंगळते. मागचा भाग पाण्याने थोडा उचलला की बाकीची हाताने ढकलता येते, आणि चाकं आसापर्यंत बुडाली तरी काम होतं.

पण रोलरला एक दोष आहे. सगळं वजन थोड्याशा जागेवर येतं. फायबरचा तळ मधल्या जागी पातळ असतो. दोनच रोलरवर महिनोन्‌महिने होडी ठेवली तर तळ आत दबतो, बारीक भेगा पडतात आणि पाणी झिरपायला लागतं. म्हणून दोन्हींचा मेळ घालायचा. मधोमध, होडीच्या कण्याखाली, एका ओळीत चार-पाच रोलर. वजन त्यांनी घ्यायचं, कारण कणा हा होडीचा सगळ्यांत मजबूत भाग. आणि दोन्ही बाजूंना एकेक फळी, होडी कलंडू नये म्हणून आधारापुरती.

सगळ्यांत मागचा आधार कुठे संपतो ते नीट बघा. इंजिन होडीच्या मागच्या फळीवर लटकतं. पंधरा हॉर्सपॉवरचं इंजिन चाळीस-पन्नास किलोचं, म्हणजे तांदळाचं एक पोतं समजा. खालचा आधार त्या फळीच्या अलीकडेच संपत असेल, तर तेवढं वजन अधांतरी राहतं आणि तळ वाकतो. शेवटचा रोलर आणि फळ्यांची टोकं अगदी मागच्या कडेखाली आली पाहिजेत.

बाजूच्या फळ्यांवर काय लावायचं? काथ्याची चटई किंवा जुना गालिचा लावला तर त्यात वाळू अडकते, आणि मग तोच गालिचा पॉलिश पेपरसारखा होडी घासतो. आपल्याकडे नळपाणी योजनेचे काळे एचडीपीई पाइप मिळतात. तो पाइप उभा चिरून, गरम पाण्याने थोडा मऊ करून फळीवर बसवला तर गुळगुळीत पट्टी होते आणि वाळू धुऊन जाते. स्क्रूची डोकी पट्टीच्या आत बुडलेली हवीत. डोकं वर राहिलं तर प्रत्येक वेळी होडीला ओरखडा पडतो.

एक सावधगिरी. रोलर आणि अशी पट्टी लावलेली ट्रॉली फार निसरडी असते. पूर्वी होडी अडकून बसायची, आता ती उतारावर स्वतःहून निघू शकते. म्हणून पाण्याशी पोचेपर्यंत पुढचा पट्टा आणि साखळी सोडायची नाही. हा नियम कधीही मोडायचा नाही.

विंच: एका बाईच्या हातात आठ जणांचं बळ

ट्रॉलीच्या पुढच्या खांबाला हाताने फिरवायचा विंच बसवा. विंचमध्ये जादू नाही, विहिरीच्या रहाटाचंच तत्त्व आहे. समजा हँडल वीस सेंटिमीटर लांब आहे आणि पट्टा ज्या रिळावर गुंडाळतो त्याची त्रिज्या चार सेंटिमीटर. इथेच पाचपट बळ मिळालं. आत चाराला एक असा गिअर असेल, तर पाच चोक वीस, वीसपट.

साडेचारशे किलोची होडी आठाला एक अशा उतारावर ओढायला सुमारे छप्पन किलोचा ओढ लागतो. रोलरचं घासणं वगैरे धरून शंभर किलो म्हणू. त्याला वीसने भागा, पाच किलो. थोडी झीज धरली तरी हातावर सात-आठ किलो येतात. भरलेली कळशी विहिरीतून ओढणाऱ्या बाईला हे जड नाही.

पण बळ मिळतं त्याची किंमत फेऱ्यांत मोजावी लागते. अशा विंचच्या एका फेऱ्याला होडी सहाच सेंटिमीटर पुढे येते. अठरा फुटांची होडी पूर्ण चढवायला नव्वदच्या आसपास फेरे होतात. दोघींनी आलटून पालटून फिरवायचे. पट्टा रिळावर जाड होत जातो तसं हँडल शेवटी-शेवटी जड लागतं, तेव्हा काही बिघडलंय असं समजून घाबरू नका.

विंच घेताना त्याची क्षमता निदान होडी आणि इंजिन मिळून जेवढं वजन, तेवढी तरी घ्या. तारेच्या दोरापेक्षा नायलॉनचा रुंद पट्टा बरा. तारेचे धागे तुटून हातात घुसतात, आणि ताणलेली तार तुटली तर चाबकासारखी उलटते. विंचची उंची अशी ठेवा, की पट्टा होडीच्या नाळेवरच्या कडीला जवळजवळ सरळ रेषेत जाईल. विंच फार खाली असेल तर नाळ खाली खेचली जाते आणि रोलरवर दाबून बसते. नाळ जिथे येऊन थांबते तिथे रबराचा ठोकळा लावा. विंचव्यतिरिक्त एक वेगळी साखळी नाळेच्या कडीला हवीच, कारण विंचचा खटका कधी सुटेल सांगता येत नाही.

दोन उभे खांब

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी बदल कुठला असं विचाराल, तर मी हा सांगेन. ट्रॉलीच्या मागच्या दोन कोपऱ्यांना दोन उभे लोखंडी पाइप लावायचे आणि त्यांवर जाड पीव्हीसी पाइप सैल चढवायचा, म्हणजे होडी घासली तर तो फिरतो.

ट्रॉली गढूळ पाण्यात बुडली की तिचा मागचा भाग कुठे आहे ते दिसत नाही. होडी वाऱ्याने किंवा खाडीच्या ओढीने तिरकी येते, कणा रोलरवर न बसता बाजूच्या फळीवर चढतो, आणि मग परत मागे ढकला, परत आणा. दोन खांब पाण्याच्या वर दिसत असले की मध्ये होडी घालणं म्हणजे दोन दारखांबांमधून आत जाणं. ती तिरकी होऊच शकत नाही.

याच खांबांवर लाल रंगाचा एक पट्टा काढा. पहिल्यांदा ट्रॉली बुडवून होडी नेमकी कुठल्या खोलीवर उचलली जाते ते बघा आणि तिथे खूण करा. पुढे दरवेळी पाणी लाल पट्ट्याला लागलं की थांबायचं. आणखी खोल न्यायचं नाही. हे नव्या मुलीलाही सांगता येतं.

चाकं आणि वाळू

चिखलात आणि पुळणीवर अरुंद चाक रुततं. याचंही गणित आहे. समजा एका चाकावर तीनशे किलो वजन आहे. टायरमध्ये तीस पौंड हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलो दाब. तीनशे भागिले दोन, म्हणजे टायर जमिनीला दीडशे चौरस सेंटिमीटर टेकतो, एका पोस्टकार्डापेक्षा थोडा जास्त. हवा अर्धी केली तर टेकणारी जागा दुप्पट होते आणि चाक वाळूवर तरंगल्यासारखं चालतं. रुंद टायर असेल तर उत्तमच. मात्र कमी हवेने फक्त वाळूवर आणि हळू चालवायचं. रस्त्यावर येण्याआधी हवा परत भरायची. आणि ट्रॉली सार्वजनिक रस्त्यावर वाहनामागे न्यायची असेल, तर आधी आरटीओत चौकशी करा.

एक्सलची जागाही तपासा. होडी इंजिनासह ट्रॉलीवर असताना पुढचा दांडा उचलून बघा. तो आपोआप वर जात असेल तर फार धोक्याचं. मागे वजन जास्त झालं की दांडा उसळतो, आणि समोर उभ्या असलेल्या बाईच्या हनुवटीवर बसतो. उलट तो दोघींनाही उचलेना, तर पुढे वजन जास्त आहे. एक्सल यू-बोल्टने धरलेला असेल तर तो पुढेमागे सरकवून हे जमवता येतं. साधारण एकूण वजनाच्या वीस-पंचविसाव्या भागाइतकं वजन दांड्यावर असावं. रेशन दुकानातला काटा दांड्याखाली ठेवला तर मोजताही येतं. दांड्याला पुढे एक लहान चाक लावलं की तेही वजन हातावर राहत नाही.

ट्रॅक्टर वापरत असाल तर तो खाऱ्या पाण्यात नेऊ नका. ट्रॅक्टर वर कोरड्या जागी ठेवा आणि तीस-चाळीस फुटांचा मजबूत दोर ट्रॉलीला बांधा. ट्रॅक्टर नसेल तर धक्क्याच्या वरच्या टोकाला काँक्रीटमध्ये पक्का केलेला खांब असावा, आणि दोर एका कप्पीतून ट्रॉलीकडे जाऊन परत खांबाकडे यावा. कप्पी ट्रॉलीला बांधलेली असेल तर ओढ निम्मा होतो. मात्र धक्का वाढवणं किंवा नवा उतार बांधणं हे किनाऱ्यावर परवानगीशिवाय करता येत नाही. वाटेत आलेलं कांदळवन तोडणं तर मुळीच नाही.

खारं पाणी: न दिसणारा सावकार

ट्रॉली मोडते ती वजनाने कमी आणि गंजाने जास्त. सावकाराच्या व्याजासारखा गंज रात्रंदिवस वाढत असतो. म्हणून वेल्डरकडे जाताना तीन गोष्टी सांगा.

पहिली, चौकोनी बंद पाइप वापरू नका, उघडा सी-चॅनल वापरा. बंद पाइपात खारं पाणी शिरतं आणि बाहेर पडत नाही. बाहेरून रंग चकचकीत आणि आतून पत्रा कागदासारखा. बंद पाइप असलाच तर सगळ्यांत खालच्या जागी भोक पाडून पाण्याला वाट द्या.

दुसरी, जिथे शक्य तिथे वेल्डिंगऐवजी यू-बोल्ट. रोलर, फळ्या, एक्सल सगळं बोल्टने धरलेलं असलं की वर-खाली, पुढे-मागे करता येतं. गॅल्व्हनाइज केलेल्या लोखंडावर वेल्डिंग केलं तर त्या जागचा जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. शिवाय जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला तर थंडी-ताप भरतो. वेल्डिंग करावंच लागलं तर आधी तो थर घासून काढायला सांगा, आणि काम उघड्यावर करायला सांगा. त्यावर नंतर झिंकचा प्रायमर मारा.

तिसरी, रंग शेवटी. आधी सगळं बोल्टने जोडा, भरतीला होडी दोनदा चढवून-उतरवून बघा, खुणा करा, बदल करा. मन भरलं की मगच पक्कं जोडकाम आणि रंग.

चाकांच्या बेअरिंगचं म्हणाल, तर रस्त्यावरून वेगात आणलेली ट्रॉली थेट पाण्यात घालू नका. हब गरम असतो. थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि खारं पाणी आत ओढलं जातं. हाताला गार लागेपर्यंत थांबा. पाण्यात टिकणारं ग्रीस वापरा आणि हंगामात अधूनमधून नवं ग्रीस भरत राहा. ट्रॉली फक्त खोपीपासून धक्क्यापर्यंतच जाणार असेल, तर बेअरिंगऐवजी नायलॉनचा बुश घातला तरी चालतं. हळू चालीला तो पुरतो आणि गंजत नाही. आणि प्रत्येक वेळी काम झालं की गोड्या पाण्याच्या दोन बादल्या चाकांवर, विंचवर आणि रोलरवर. दोन बादल्यांत ट्रॉलीचं आयुष्य वाढतं.

कोण कुठे उभी राहील?

आता काम करायची पद्धत. चौघी असाव्यात. एक विंचवर, एक होडीत किंवा होडीच्या दोराशी, एक चाकांजवळ लाकडी पाचर घेऊन, आणि चौथी फक्त बघायला. बघणारीने कशाला हात लावायचा नाही. तिचा आवाज तेवढा ऐकायचा. ती "थांब" म्हणाली की सगळ्यांनी थांबायचं, कारण विचारायचं नंतर.

उतारावर होडीच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही, ढकलायलाही नाही. ताणलेल्या पट्ट्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. विंच सोडताना हँडल हातातून मोकळं सोडायचं नाही. ते गरगर फिरतं आणि मनगट मोडतं. पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली, बांगड्या शक्य तर उतरवलेल्या. कामापुरती ट्रॅकपँट घातली तर आणखी बरं. पाण्यात उतरणारीने चप्पल नाही, तर मागे पट्टा असलेली सँडल घालावी. कालवांच्या धारेने पाय कापतो.

होडी सोडण्याआधी तळाचं बूच लावलंय का, ते एकीने हात लावून बघायचं आणि मोठ्याने सांगायचं. होडी वर काढल्यावर तेच बूच काढून ठेवायचं. पावसाळ्यात खोपीचे झाप उडाले आणि होडीत वीतभर पाणी साचलं, तर होडीपेक्षा पाण्याचंच वजन जास्त होतं, आणि रोलर आणि तळ दोन्ही बसतात.

हेही सांगायला हवं, की ही ट्रॉली खाडीसाठी आहे. उघड्या समुद्राच्या पुळणीवर लाटा फुटत असताना तिचा उपयोग नाही. लाटेने होडी उचलून ट्रॉलीवर आपटते आणि मध्ये माणूस सापडतो. उधाणाच्या दिवशी थांबायचं, किंवा खाडीच्या आत शांत जागी जायचं. आणि वादळाचा इशारा असेल तर शेवटच्या घटकेची वाट न पाहता आदल्या भरतीलाच होडी वर घ्यायची. तीन-चार जणींना जमत असेल तर ती भरती साधता येते. हाच या सगळ्या खटाटोपाचा खरा फायदा.

गटात काय ठरवायचं?

हा खर्च गटाच्या मीटिंगमध्ये मांडाल तेव्हा कुणीतरी म्हणेल, "आपली माणसं आहेत की ढकलायला, लोखंडावर पैसे कशाला?" तेव्हा वाद घालू नका, वहीत हिशेब मांडा. वर्षात होडी किती वेळा वर-खाली झाली, दरवेळी मजुरी आणि चहापाणी किती, माणसं जमली नाहीत म्हणून किती फेऱ्या बुडाल्या, आणि कुणाची कंबर किती दिवस धरली. कंबरेचा खर्च वहीत कधीच लिहिला जात नाही, तो या वेळी लिहा. हिशेब मांडला की निर्णय आपोआप होतो.

सगळं एकदम करायचं नाही. आधी दोन उभे खांब आणि लाल पट्टा. मग विंच. मग रोलर आणि फळ्या. होडी खाली बसवणं आणि एक्सल सरकवणं पावसाळ्याच्या बंदीत, १ जून ते ३१ जुलै, होडी तशीही वर असते तेव्हा. म्हणजे नारळी पौर्णिमेला ट्रॉली तयार.

वेल्डरकडे जाण्याआधी पाच मापं कागदावर लिहून न्या: होडीची लांबी, मागच्या फळीची रुंदी, ट्रॉलीवर होडीच्या तळाची उंची, रिकामी होडी किती बुडते ते, आणि धक्क्याचा उतार. उतार मोजायला एक लांब दोरी आणि एक बाटलीभर पाणी पुरतं. दोरीचं एक टोक उतारावर जमिनीला टेकवा, आठ फुटांवर दुसरं टोक धरा, बाटली आडवी धरून दोरी सपाट आहे का बघा, आणि त्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. मापं घेऊन गेलात तर मिस्त्री "तुमका काय कळता?" असं विचारत नाही. तो टेप काढतो आणि कामाला लागतो.

पुढच्या सुकतीला दोघी-तिघी मिळून धक्क्यावर जा आणि ही पाच मापं घ्या. आज एवढंच.